मदत हवी आहे: पांझरेकाठच्या फडाचे जुने जमीन-कागद वाचायचे आहेत

रामराम मंडळी,

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठाला. आप्पांच्या पेटीत लाल फडक्यात बांधलेले जमिनीचे कागद निघाले. काही मोडीत, काही बाळबोध. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम भाग झाले, त्याच्याही आधीचे यात बरेच आहेत.

खापरपणजोबांच्या नावावर चार ठिकाणी चार अरुंद पट्ट्या दिसतात. भाऊबंदकीत वाटण्या होऊन तुकडे पडले, असंच घरात ऐकत आलो. मागच्या महिन्यात कागद घेऊन पाटाच्या कडेने चाललो, तर चारही पट्ट्या एकाच बंधाऱ्याखाली आणि चार वेगवेगळ्या फडांत, म्हणजे त्या बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीच्या भागांत, निघाल्या! एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, यंदा इथं ऊस तर पलीकडे भुसार, आणि दरसाल पाळी फिरवायची. प्रत्येक फडात पट्टी असली की घरात गूळही आला आणि खायला दाणेही. पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या राखण करणार. म्हणजे हे तुकडे भांडणातून पडलेले नसावेत, जाणूनबुजून ठेवलेले असावेत. आप्पा असते तर त्यांना आधी हे सांगितलं असतं.

अडलंय ते पुढे. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरात बसवलेली मोजणीची पद्धत नंतर आपल्याकडेही आली. शेताला नंबर, मातीची आण्यांत प्रत, त्यावरून साधारण ३० वर्षांसाठी ठरलेला सारा, म्हणजे सरकारी शेतकर. पीक ठरायचं फडाचं, सारा मात्र नंबरागणिक. मग ज्या साली फडात ऊस नसेल त्या साली पाटस्थळाचा, म्हणजे पाटाखालच्या भिजत्या जमिनीचा, सारा तोच राहायचा का?

टिपणातली, म्हणजे मोजणीच्या कच्च्या नोंदीतली, मापं मला समजतात: साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा. पण प्रतीच्या कागदावर मातीच्या आण्यांशेजारी आणखी एक आण्यांचा आकडा आहे. तो पाण्याचा असावा का? आणि जुन्या गावनकाशात फडाची हद्द वेगळी दाखवत, की फक्त नंबरांच्या रेघा?

मोसम, गिरणा या नद्यांकाठी कुणाच्या घरी असे कागद असतील तर कृपया ताडून सांगा. मोडी वाचणारं कुणी धुळे-जळगावकडे असेल तर मी कागद घेऊन येईन. दोन पानं घडीवर फाटत चालली आहेत, म्हणून घाई आहे.