बेटावर एकटीनं महिनाभर: सात किलोंत भागतं का?

किनारावेडी:
भागतं, आणि भागवावंच. एकच बेट, चार निवांत आठवडे, पाठीवर एकच सॅक. बऱ्याच विमान कंपन्या केबिनमध्ये ७ किलोच नेऊ देतात, पण माझं कारण ते नाही. होडी धक्क्याला लागते तेव्हा लाटेबरोबर वरखाली होत असते. एक हात कठड्याला, दुसरा खलाशाच्या हातात, तिसरा हात नसतोच. सोबत कुणी असेल तर बॅग मागून वर देता येते. एकटीची बॅग पाठीवरच हवी. चाकांची बॅग तर वाळूत नांगरासारखी रुतते. कपडे तीन जोड पुरतात, पण जाड सुती नकोत. दमट हवेत ते वाळतच नाहीत, कुबट वास धरतात.

जुना खलाशी:
साफ असहमत. या सात किलोंच्या हट्टापायी लोक नेमकी औषधं कमी करतात. प्रवाळावर माझी टाच खरचटली होती, नखाएवढी जखम. प्रवाळाचे कण आत राहिले की ती चिघळते, तशी चिघळली. दुकानात पट्ट्या होत्या, जंतुनाशक संपलेलं, आणि वारा उठल्यामुळे बोट चार दिवस बंद. शिवाय ‘तिथे मिळेल की’ हे वाक्य मला फार खटकतं. छोट्या बेटावर साबणाची वडीसुद्धा बोटीनंच येते. तुम्ही हलके होता आणि तुमचा भार तिथल्या लोकांवर टाकता. रिकाम्या बाटल्याही तिथेच सोडून येता.

किनारावेडी:
बाटल्यांचं पटलं, त्या मी परत आणायला हव्यात. पण औषधांनी बॅग जड होत नाही हो! जंतुनाशक, पट्ट्या, ओआरएस आणि रोजच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या धरूनही अर्धा किलो भरत नाही. जड होते ती जीन्सनं, दुसऱ्या बुटांनी, ‘लागलंच तर’ म्हणून कोंबलेल्या गोष्टींनी.

भरतीओहोटी:
सनस्क्रीनचं काय? अंगभर एकदा लावायला साधारण ३० मिलीलिटर लागतं. केबिनमधली १०० मिलीलिटरची बाटली तीन वेळांत संपते. तिथे मिळेल ते घ्यावं तर प्रवाळाला घातक निघायचं. पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशानं २०२० पासून तसल्या सनस्क्रीनची विक्रीच काय, आयातही बंद केली. हवाईत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही तसली रसायनं असलेली विकता येत नाहीत.

किनारावेडी:
म्हणून तर लांब बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी! पाण्यातही मी अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख घालते. मग चेहरा, मान आणि हातापायांचे पंजे एवढंच उरतं.

जुना खलाशी:
एक साधा हिशेब विचारतो. एकाच बेटावर राहायचं तर ओझं उचलायचं दोनदा, जाताना आणि येताना. मधले सव्वीस दिवस बॅग खाटेखालीच. मग माझा स्वतःचा, चेहऱ्याला नीट बसणारा डायव्हिंगचा मास्क का सोडू? भाड्याच्या मास्कमध्ये पाणी झिरपतं, आणि मी जातो ते मासे बघायला.

किनारावेडी:
मास्क जरूर न्या, तो तुमच्या जाण्याचं कारणच आहे. पण खाटेखालचा हिशेब मला मान्य नाही. मागच्या खेपेला पहिल्या खोलीत रात्रभर जनरेटर धडधडत होता. सकाळी सॅक उचलली आणि तासभर किनाऱ्यानं चालत पलीकडच्या वस्तीत गेले. दोन बॅगा असत्या तर मी त्या खोलीतच महिना काढला असता.