बाळ गेल्यानंतर समुपदेशकाकडे जायचं म्हणजे तिथे नेमकं काय होतं?

पाऊलवाट
बायकोला सहावा महिना लागला होता. हालचाल जाणवेना म्हणून दाखवायला गेलो, तर सोनोग्राफीत ठोके नव्हते. कळा आणून प्रसूती करावी लागली. मुलगी होती. याला आता महिना उलटून गेला.

डिस्चार्ज देताना फाइलला समुपदेशनाची चिठ्ठी लावली होती, ती तशीच आहे. बायको म्हणते, "अनोळखी बाईपुढे रडून माझी मुलगी परत येणार आहे का?" आईचं म्हणणं, विषयच काढू नका, हळूहळू विसरेल. मी दोघींच्या मधे. कामावर जातो, घरी येतो, जेवतो.

तिथे करतात तरी काय? नुसतं बोलायचंच असेल तर घरी बोलता येईल ना? (बोलत नाही आम्ही, ते वेगळं.) आणि ती नको म्हणत असताना तिला आग्रह करून न्यावं का?

ऐकणारी
मी प्रसूती विभागात हेच काम करते. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते: नेऊ नका. आघातानंतर लगेच प्रत्येकाला एकदा बसवून सगळं बोलायला लावायची पद्धत मध्यंतरी फार चालली. पुढे अभ्यासांतून दिसलं की त्याने नंतरचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. त्यामुळे तुमच्या बायकोचं 'नको' हा हट्ट समजू नका. चिठ्ठी तिला दिसेल अशी ठेवा आणि महिन्याभराने पुन्हा एकदा विचारा, एवढंच.

आता तिथे काय होतं ते. मी आधी बाळाचं नाव ठेवलं होतं का ते विचारते. नसेल तर 'बाळ' म्हणते. मग बाळाला पाहिलं होतं का, जवळ घेतलं होतं का. काहींनी पाहिलेलं असतं, काहींना पाहवलं नसतं, आणि दोघांनाही वाटत असतं की आपलं चुकलं. त्यावर मी निकाल देत नाही.

आणि मग पुष्कळदा पहिल्या भेटीचा निम्मा वेळ दुधात जातो. सहाव्या महिन्यात प्रसूती झाली की दोन-चार दिवसांत दूध उतरतं, आणि हे आधी कोणी सांगितलेलंच नसतं. रिकाम्या हातांनी घरी आलेल्या बाईचा ब्लाउज ओला होतो, तेव्हा तिला काय वाटत असेल ते पुरुषाला सांगूनही कळेल की नाही, मला शंका आहे. थंड पट्ट्या, नीट आधार देणारी ब्रा, फार ठणकलं तर आराम पडेल इतपतच दूध काढणं, असं सांगते. दूध थांबवणारं औषध डॉक्टर देऊ शकतात, पण रक्तदाब वाढलेला असेल किंवा पूर्वी मानसिक आजार होऊन गेला असेल तर ते चालेलच असं नाही. एव्हाना तुमच्याकडे हा टप्पा सरला असेल. पण तिने तो एकटीने काढला का, हे तुम्हाला माहीत आहे?

दुसरं काम रिपोर्टांचं. वार तपासायला पाठवली होती का, गुणसूत्रांची तपासणी झाली का, शवविच्छेदनाला संमती दिली होती का. हे निकाल येईपर्यंत घरचे पांगलेले असतात आणि कागद कपाटात पडून राहतो. मी प्रश्न लिहून घ्यायला लावते आणि डॉक्टरांची वेगळी वेळ मागते. सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही असंही बऱ्याचदा होतं, तेही आधीच सांगून ठेवते.

तिसरं काम सगळ्यात अवघड. प्रत्येक आईची मनातल्या मनात एक यादी झालेली असते: बादली उचलली, प्रवास केला, भांडले, सुरुवातीला हे बाळ नकोच वाटलं होतं. ती यादी नवऱ्याला सांगत नाहीत, कारण त्याने 'हो' म्हटलं तर? माझ्यासमोर मात्र सांगतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांमागे गुणसूत्रांतला दोष असतो. नंतरच्या महिन्यांत वारेचे, जंतुसंसर्गाचे, आईच्या रक्तदाबाचे प्रश्न जास्त सापडतात. बादली कुठेच नसते. हे मी एकदा सांगून भागत नाही, दर भेटीत सांगावं लागतं.

बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एक प्रश्नावलीही असते, एडिंबरा नावाची, १९८७ सालची, दहा प्रश्नांची. ती बाळंतिणींसाठी केलेली आहे आणि तुमची बायको बाळंतीणच आहे, घरात कोणी तिला तसं म्हणत नसलं तरी. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. मी कागद हातात आला की आधी तोच बघते. जगावंसं वाटत नाही असं ती म्हणाली, रात्रीमागून रात्री झोप नसेल, किंवा भलतंच काही दिसू-ऐकू येत असेल, तर वर लिहिलेलं 'नेऊ नका' विसरा. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठा.

एकच गोष्ट तपासा: समुपदेशकाने या विषयात काम केलेलं आहे का. पहिल्याच भेटीत "वय आहे अजून, होईल दुसरं" असं ऐकू आलं तर दुसरा शोधा.

रातराणी
माझं नवव्या आठवड्यात गेलं. "बरं झालं लवकर गेलं," असं मला तोंडावर सांगितलेलं आहे. लंडनमधल्या एका अभ्यासाचे आकडे २०२० मध्ये वाचले, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी नाटकं करत नाहीये. तो माझ्यासारख्या लवकर गेलेल्यांचाच होता. महिन्याभराने २९ टक्के बायकांत आघातोत्तर ताणाची लक्षणं, नऊ महिन्यांनीही १८ टक्क्यांत.

मला गटातल्या भेटी मानवल्या नाहीत. दुसऱ्यांचं ऐकून घरी आले की जास्त त्रास व्हायचा. फोनवरून एकटीने बोलणं जमलं, कॅमेरा बंद ठेवून. तिला हा पर्याय सांगून बघा.

जुनाजाणता
आमच्या आजीची दोन गेली. कुठे होते तेव्हा समुपदेशक? घरच्यांनी जपलं की पुरे.

ऐकणारी
@जुनाजाणता, जपणारं घर असेल तर अनेकींना खरोखरच तेवढं पुरतं, मान्य. पण आजीला त्या दोघांबद्दल कोणी कधी विचारलं होतं का? माझ्याकडे नातीसोबत सत्तरीच्या बायका येतात. नातीचं बोलून झालं की "माझंही एक गेलं होतं" म्हणून सुरू होतात, आणि महिना, वेळ, सगळं लख्ख आठवत असतं.

@पाऊलवाट, तुमच्या आईंना असंच काही असेल असं मी म्हणत नाही. पण 'विसरेल' हे त्या कुठल्या अनुभवावरून म्हणतात, ते एकदा निवांत विचारून बघा. आणि तुमच्या प्रश्नात तुम्ही स्वतःबद्दल एकच ओळ लिहिली आहे, ती जेवण्याची. चिठ्ठी दोघांसाठी असते. बायको येत नसेल तर तुम्ही एकटे जा.

पाऊलवाट
सगळं दोनदा वाचलं. दुधाचं मला माहीत नव्हतं. काल तिला विचारलं. "आता कशाला," म्हणाली, आणि मग बराच वेळ सांगत राहिली.

मी एकटा गेलो तर तिच्या पाठीमागे गेल्यासारखं होईल का? आणि फाइल न्यायची का?

ऐकणारी
तिला सांगून जा, म्हणजे पाठीमागे होत नाही. फाइल न्या, विशेषतः वारेचा रिपोर्ट आला असेल तर. वेळ घेताना मात्र फोनवरच विचारा की बसायचं कुठे. बऱ्याच ठिकाणी ती खोली प्रसूती विभागातच असते आणि बाहेरच्या बाकांवर दिवस भरत आलेल्या बायका बसलेल्या असतात. दिवसातली शेवटची वेळ मागा, किंवा दुसऱ्या दाराने यायची सोय आहे का ते विचारा. पुढे कधी ती यायला तयार झाली तर तिच्यासाठीही हीच व्यवस्था लागेल.