दुकानदाराने नवोदितांची कादंबरी सुचवूच नये?

कोपऱ्यावरचं दुकान

काल इथे एकांनी लिहिलं की पुस्तकांच्या दुकानात 'काही चांगलं सुचवा' म्हटलं की दुकानदार कुठल्या तरी नवख्याची पहिलीच कादंबरी गळ्यात मारतो. त्यात त्याला कमिशन जास्त सुटतं आणि वाचकाचे साडेतीनशे रुपये पाण्यात जातात, तेव्हा नवख्यांच्या कादंबऱ्या विकणं बंद करा, असंही पुढे होतं. खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग लागली. जिल्ह्याच्या गावी माझं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. हे वाचून गप्प बसवेना.

आधी कमिशनचं. माझ्या दुकानाचं भाडं निघतं ते स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर आणि जूनमधल्या गाइडांवर. कादंबऱ्यांच्या कपाटावर नाही. त्यातही 'मृत्युंजय' घ्यायला येणारा माणूस नाव घेऊनच येतो, तिथे मला तोंड उघडावं लागत नाही. नव्या लेखकाच्या पाच प्रती मागवायच्या तर कुरिअर माझ्या अंगावर. प्रकाशक छोटा असला तर पैसे आधी भरा, आणि नाही खपल्या तर परत घेईल याची खात्री नाही. यात जास्त पैसे कुठे सुटतात ते मला कुणीतरी दाखवा.

आणि 'मृत्युंजय' 1967 साली आली तेव्हा शिवाजी सावंत कोण होते? कोल्हापुरातले सत्तावीस वर्षांचे शिक्षक, पहिलीच कादंबरी. 'कोसला' 1963ची, नेमाडे तेव्हा पंचविशीतले. नवख्यांना हात लावायचा नाही हा नियम तेव्हा पाळला असता तर आज तुमच्या कपाटात काय असतं?

माझ्याकडे एक बाई येतात, बँकेतून निवृत्त झालेल्या. ऐतिहासिकशिवाय काही घेत नसत. त्यांना मी एका तरुण मुलीची ऊसतोड टोळीवरची पहिली कादंबरी दिली. काही दिवसांनी आल्या, पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "शेवट गुंडाळलाय तिने. पण फडावरची पहाट मी दोनदा वाचली. तिचं पुढचं आलं की माझ्यासाठी बाजूला ठेवा." या एका वाक्यासाठी मी ते कपाट ठेवलंय.

पानवाचक

ती पोस्ट माझीच, आणि त्यातला शब्दही मागे घेत नाही.

'कोसला', 'मृत्युंजय' ही नावं या वादात नेहमीच येतात. त्याच वर्षांत आलेल्या आणि आज नावही न आठवणाऱ्या पहिल्या कादंबऱ्यांचं काय? शिवाय त्या काळी लेखक आणि वाचक यांच्यामध्ये संपादक बसलेला असायचा. 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन एकेका कथेवर लेखकाकडून पुन्हा पुन्हा काम करून घ्यायचे. आता पैसे भरले की पुस्तक तयार.

मला दिलेल्या कादंबरीत नायक सुनील होता, साठाव्या पानावर तो अनिल झाला आणि पुढे दोन्ही नावांनी वावरत राहिला. मुखपृष्ठ मात्र देखणं. दुकानात जाऊन विचारलं तर उत्तर काय? "लेखक आपल्या ओळखीचे आहेत हो." म्हणजे वाचलेलं नव्हतं. माझा राग नवोदितांवर नाही, न वाचता केलेल्या शिफारशीवर आहे.

शाईचा डाग

पानवाचक, तुमच्या पोस्टमध्ये 'न वाचता' हा शब्द कुठेच नव्हता. 'नवख्यांच्या कादंबऱ्या विकणं बंद करा' असं सरळ लिहिलं होतंत. आता सारवासारव करू नका.

मी त्या नवख्यांपैकीच एक. पैसे भरलेले नाहीत. राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान मिळालं, त्यातून पुस्तक आलं. तुम्ही म्हणता तो संपादक आम्हालाही हवाय, पण बसतो कुठे तो? 'सत्यकथा' 1982 साली बंद पडलं. रविवार पुरवण्यांत परीक्षणाची जागा आक्रसली. तिथे आपलं पुस्तक पोचवायला ओळख लागते, मी दोन प्रती पाठवल्या, साधी पोचही आली नाही. दिवाळी अंकांचं तेच. उरलं कोण? काउंटरमागचा माणूस. माझी कादंबरी एका दुकानदाराने वाचली, फोन करून तिसऱ्या प्रकरणातली बाजाराची तारीख चुकल्याचं सांगितलं आणि मग दुकानात ठेवली. इतक्या बारकाईने ती आणखी कुणीही वाचलेली नाही.

क वर्ग वाचनालय

दुकानदार म्हणजे साधुसंत असं चित्र रंगवताय म्हणून लिहितो. मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. मार्च आला की विक्रेत्यांचे फोन सुरू. साठ टक्के सूट देतो, ही यादी घ्या. यादीत काय? सव्वाशे पानांची कादंबरी, मोठा टाइप, दोन्ही बाजूंना ऐसपैस समास, छापील किंमत चारशे. लेखकाचं नाव कुणी ऐकलेलं नाही. साठ टक्के सूट देऊनही त्यांना परवडतं, यातच काय ते समजा. ही पुस्तकं कपाटात जातात, दाखलखारिज नोंदवहीत नोंद होते, वाचक हात लावत नाही. नवोदितांच्या नावाने सर्वांत मोठा खेळ इथे चालतो, काउंटरवर नाही.

कोपऱ्यावरचं दुकान

साहेब, हा खेळ एका हाताने चालत नाही. वाचनालयात चांगल्या पुस्तकांची यादी घेऊन गेलो की पहिला प्रश्न 'टक्के किती?' पुस्तकाचं नाव नंतर. पंचवीस म्हटलं की चहा पाजतात आणि वाटेला लावतात. साठवाला तुमच्या संचालकांनीच मोठा केलाय.

क वर्ग वाचनालय

तोंड सांभाळून लिहा. मी संचालक नाही, पगारी माणूस आहे, आणि पगार म्हणजे काय हे विचारूही नका. वाचनालयाचं सरकारी अनुदान दोन हप्त्यांत येतं, कधी येईल ते सांगता येत नाही. त्यातच पगार, वीज, वर्तमानपत्रं आणि ग्रंथखरेदी. तपासणीला येणारा अधिकारी पुस्तकांची संख्या मोजतो, कुणी वाचली ते विचारत नाही. चांगली दहा घेतली आणि संख्या कमी भरली तर शेरा माझ्या नावावर. तुम्ही दुकानात बसून तत्त्वं सांगता. आमच्याकडे दप्तर दाखवावं लागतं.

पानवाचक

बघा, मूळ मुद्दा माझाच निघाला. कुणीच वाचत नाही आणि सगळे पुढे ढकलतात.

शाईचा डाग

नाही. या साठ टक्क्यांच्या खेळात लेखक सर्वांत आधी मरतो. सूट वाढली की मानधनावर पाणी सोडायचं. बऱ्याच जणांना हिशेबाचा कागदही मिळत नाही. त्या चारशे रुपयांतला एक रुपयाही त्या 'कुणी न ऐकलेल्या' माणसाच्या हाती येत नसेल. त्याच्यावर काय चिडता?

घर बंगळुरात

दुकान जवळ असलेल्यांनो, भांडा. मला मराठी पुस्तकं ऑनलाइनच घ्यावी लागतात. 'तुम्हाला हेही आवडेल' खाली वर्षानुवर्षं तीच पाच-सहा नावं. सुनीलचा अनिल झालेलं का होईना, नवीन काहीतरी कुणी सुचवलं तर चालेल मला.

जुना वर्गणीदार

पुरस्कारांची वाट बघा की. राज्य शासनाचा श्री. ना. पेंडसे पुरस्कार पहिल्या कादंबरीसाठीच असतो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे. जाणकारांनी निवडलेलं घ्यावं, दुकानदाराच्या आवडीनिवडीवर पैसे का घालवायचे?

कोपऱ्यावरचं दुकान

पुरस्कार जाहीर होईपर्यंत पुस्तकाला वर्ष-दीड वर्ष उलटलेलं असतं. पाचशेची आवृत्ती, त्यातल्या निम्म्या प्रती लेखकाच्या पलंगाखाली. 2024 साली 'उसवण' या कादंबरीला युवा पुरस्कार मिळाला. लेखक देविदास सौदागर तुळजापूरचे, शिवणकाम करणारे. जाहीर झालं त्या आठवड्यात माझ्याकडे लोक विचारत आले. त्याआधी एकानेही नाव घेतलं नव्हतं. माझ्या कपाटात ती होती म्हणून त्याच दिवशी देता आली. पुरस्कारानंतर सुचवायला दुकानदार कशाला हवा, पेपर आहेच.

पानवाचक

ठीक. वाचून सुचवत असाल तर तुमच्याशी माझं भांडण नाही. पण असे दुकानदार या राज्यात किती उरलेत ते तुम्हालाही माहीत आहे. एक सांगा, तुम्ही सुचवलेलं भिकार निघालं तर परत घ्याल?

कोपऱ्यावरचं दुकान

नाही घेणार. कुठली नाटकमंडळी तिकिटाचे पैसे परत देतात? पण खुर्ची आहे दुकानात. पहिली तीस पानं बसून वाचा, नाही पटलं तर ठेवून जा. सुनील-अनिल मात्र तेवढ्यात सापडणार नाही.

पानवाचक

म्हणजे धोका शेवटी गिऱ्हाइकाचाच. मी म्हणत होतो ते हेच.

क वर्ग वाचनालय

शाईचा डाग, तुमच्या कादंबरीचं नाव व्यक्तिगत निरोपातून कळवा, इथे टाकलंत तर जाहिरात म्हणतील. दुकानदारसाहेब, तुमच्याकडे असेल तर तीन प्रती बिलासकट पाठवा. पस्तीस टक्क्यांच्या खालचं बिल मी संचालकांपुढे ठेवू शकत नाही.

कोपऱ्यावरचं दुकान

पंचवीस. कुरिअर तुमचं.

क वर्ग वाचनालय

मग दोनच पाठवा.