ऊर्जाबचत शिकवायची ती घोषवाक्यांनी, की मुलांना मीटरसमोर उभे करून?

मास्तरीण
दरवर्षी १४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, आमच्या जिल्हा परिषद शाळेत चित्रे रंगतात, फेरी निघते आणि ती परतते तेव्हा रिकाम्या वर्गांतले पंखे फिरतच असतात. यंदा मी सातवीची मुले मीटरसमोर उभी केली. त्याचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होते, असे आमच्या मीटरवरच छापलेले आहे. बाकी सारे बंद करून ७५ वॅटचा एकच जुना पंखा लावला, तेव्हा दिवा मिनिटाला चारदा लुकलुकला; हजार वॅटची इस्त्री लावल्यावर मात्र मोजणाऱ्यांची तारांबळ उडाली, तरी आकडा ५३ च्या आसपास आला. फेरीऐवजी हाच प्रयोग व्हावा आणि मुलांनी महिनाभर घरच्या मीटरची नोंद ठेवावी, असे माझे मत आहे.

एक पालक
प्रयोग उत्तम आहे, गृहपाठ मात्र पटला नाही. ज्याच्या घरी दोन दिवे आणि एक पंखा आहे, त्या मुलाने कोणती वीज वाचवायची? शिवाय नोंदवह्या शेजारी ठेवल्या की कोणाकडे एसी आहे आणि कोणाची वीज तोडली आहे, हे साऱ्या वर्गाला कळते. आता आपलाच हिशेब पुढे नेतो: चार पंखे मधल्या सुटीत अर्धा तास बंद ठेवल्यास ०.१५ युनिट वाचते. त्यांच्या जागी ३० वॅटचे पंखे बसवल्यास शाळेच्या सहा तासांत एक युनिटाहून अधिक. पंखे बदलणे मुलांच्या हाती नाही. मोठ्यांनी करायचे काम आपण त्यांच्या शिस्तीवर ढकलत आहोत.

मास्तरीण
नोंदवह्यांचा मुद्दा मान्य आहे; तो माझ्या ध्यानातच आला नव्हता. गृहपाठ मागे घेते, शाळेचे मीटर पुरे. पंख्यांबाबत मात्र आपल्याला इतक्या सहज सुटता येणार नाही, कारण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. शाळेचे २०० दिवस धरले तर एका पंख्यामागे वर्षाला ५४ युनिट वाचतात, हे गणित मुलेच समितीपुढे फळ्यावर मांडतील; नकार द्यायचा तो आपण त्यांच्या देखत द्यावा.

निवृत्त वायरमन
मुलांना मीटरची पेटी उघडू देऊ नये, दिवा काचेतून दिसतो. आणि पंखे बदललेच, तर जुने मोडीत काढावेत. नाहीतर ते कोणाच्या तरी घरी जाऊन फिरतात आणि वाचलेली वीज त्या घराच्या बिलात निघते.