मेट्रो आली, तरी गाडी कायले काढता राजेहो?

मनीषनगरवाला: सरळच विचारतो. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा पुरा झाला. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर, मधात दोन्ही रेघा भेटतात ते बर्डी, म्हणजे सीताबर्डी. तरी सकाळी वर्धा रोडवर पाहा, एका कारमध्ये एक माणूस. लिटरभर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. माझं मत, बर्डी-धरमपेठेत पार्किंग महाग करा. फुकट जागा मिळते तोवर कोणी गाडी सोडत नाही.

मानेवाड्याची ताई: भाऊ, तुमच्या घराजवळ स्टेशन आहे म्हणून सुचते. मेट्रोच्या दोन रेघा, अन् आम्ही दोन्हींच्या बाहेर. मे महिन्यात ४५ डिग्रीत आधी ऑटो शोधा, मग मेट्रो, उतरून पुन्हा ऑटोवाल्याशी घासाघीस. त्याच्यापेक्षा स्कूटी काढली की सरळ इतवारी. पार्किंग वाढवाल तर भुर्दंड कोणाले? कारवाल्या साहेबाले नाही, मले.

चार्जिंगवाला: मग विजेची स्कूटी घ्या नं. माझी एका युनिटमध्ये ३० किलोमीटर जाते. धूरच नाही.

जुना इंजिनिअर: धूर आहे, दिसत नाही एवढंच. कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांत कोळसाच जळतो. धूर बर्डीतून उचलून गावाबाहेर नेला, संपवला नाही.

चार्जिंगवाला: साहेब, हिशोब करा नं मग. पेट्रोल इंजिनात निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

जुना इंजिनिअर: करू. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. म्हणजे तुमच्या ३० किलोमीटरला १ किलो. पेट्रोलची स्कूटी ४५ चं ॲव्हरेज देत असेल, तर तेवढ्याच अंतराला दीड किलो. फायदा आहे, कबूल. पण टायर तसेच घासतात, रस्त्यावरची धूळ तशीच उडते, ट्रॅफिकही तेवढंच. अन् तुम्ही सगळे बस विसरले! डिझेलची खटारा बस लिटरला ४ किलोमीटर धावली, तरी ४० जण बसलेत तर ते माणसागणिक लिटरला १६० किलोमीटर झाले. एकट्याची कोणती स्कूटी देते एवढं? आपल्याकडे २०१४ मध्ये इथेनॉलची बस आली, २०१७ मध्ये विजेच्या टॅक्सी आल्या. फोटो मस्त निघाले. मले नवलाई नको, दर दहा मिनिटांनी साधी बस पाहिजे.

मानेवाड्याची ताई: रात्री साडेनवाले दुकान बंद केल्यावर येईन का ती? मागं एकदा पाऊण तास उभी राहिली, शेवटी पोराले बोलावलं. येत असन तर स्कूटी त्यालेच देऊन टाकतो म्हणा.

मनीषनगरवाला: म्हणूनच तर म्हणतो ताई, पार्किंगचा पैसा त्या बसलेच लावा.

मानेवाड्याची ताई: लावा. पण आधी बस, मग पार्किंग. उलटं केलं तर मी पहिली भांडीन.