पोट उघडून ऑपरेशन झालंय, घोड्यावर कधी बसू? आणि तबेल्याचं काम?

तांबडी_घोडी
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. वय ४७, मुळशीकडे राहतो आम्ही, दारात दोन जनावरं. एक मारवाडी घोडी, ६१ इंची, नऊ वर्षांची, आणि एक म्हातारा थरोब्रेड, रेसमधून निघाल्यावर चार दिवसांसाठी म्हणून आला तो इथलाच झाला. पाच आठवड्यांपूर्वी माझी पिशवी काढली. फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतल्या गाठी, एवढे मोठे होते की दुर्बिणीतून जमणार नाही म्हणाले, त्यामुळे पोट उघडूनच, आडवा छेद. जखम बाहेरून भरलीये, दुखण्याच्या गोळ्या बंद होऊन तीन आठवडे झाले, रोज दोनेक किलोमीटर चालते.

डॉक्टरांना विचारलं घोड्यावर कधी बसू तर ते आधी हसले, मग म्हणाले सहा आठवड्यांनी स्कूटर चालवा, बाकीचं तीन महिन्यांनी बघू. आता स्कूटर आणि घोडा एकच का हो? स्कूटर प्लास्टिकची पिशवी बघून आडवी उडी मारत नाही.

पण बसायचं एक वेळ राहू दे, माझी खरी पंचाईत तबेल्याची झालीये. आमचा मोतद्दार, घोडे सांभाळणारा माणूस, दिवाळीला गावी गेला तो अजून उगवलेला नाही, नवरा सकाळी लीद काढून ऑफिसला पळतो, मग दुपारचं पाणी, संध्याकाळचं गवत, खरारा म्हणजे अंग घासणं हे सगळं राहतंच. यातलं मी काय करू शकते? जाऊबाई म्हणतात विकून टाक दोन्ही, या वयात काय ते घोडे. आणि हो, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जातो आम्ही दरवर्षी, घ्यायला नाही, नुसते घोडे बघायला. यंदा गर्दीत जाऊ का?

खोगीरभरती
ताई, मला बोलायचा पूर्ण हक्क आहे कारण मी सगळं चुकीचं करून बसलेय. २०१९ ला आतड्याचं ऑपरेशन, बेंबीच्या वर-खाली उभा छेद. सातव्या आठवड्यात घोड्यावर बसले, नुसती कदमचाल, वीस मिनिटं, काहीही झालं नाही. मग काय, मला वाटलं आपण बऱ्या झालो. नवव्या आठवड्यात मोतद्दार आला नाही म्हणून पाण्याच्या बादल्या मीच उचलल्या. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो, हे गणित पाचवीतल्या पोराला येतं, मला त्या दिवशी आलं नाही. एक घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त, माझ्याकडे तीन होते, म्हणजे बघा. त्या दिवशी दुखलं पण नाही. तीन महिन्यांनी खोकताना बेंबीच्या वर लिंबाएवढा फुगा हाताला लागला. हर्निया. मग परत ऑपरेशन, जाळी बसवली, परत सहा महिने घरात.

तर पाणी नळीनेच भरा, गंमत नाही करत, आजच ५० फुटांची नळी आणा. बादली लागलीच तर पाव भरून. कोंड्याच्या पोत्याला हात लावू नका, दुकानदाराला सांगून पाच-पाच किलोच्या पिशव्या करून घ्या. पेंढी उचलण्यापेक्षा सोडून हातात मावेल तेवढं गवत न्या, दहा खेपा झाल्या तरी चालतील, तेवढंच चालणं होतं. लीद नवऱ्यालाच काढू दे, दोन घोड्यांची दिवसाची तीसेक किलो सहज होते आणि फावड्याने उचलून वळून घमेल्यात टाकताना पोटाला जो पीळ बसतो तो नुसत्या वजनापेक्षा वाईट.

रांगडा_गडी
पाच आठवडे झाले आणि अजून विचारताय? माझी आई पिशवी काढल्यावर पंधराव्या दिवशी भांगलायला गेली होती. आजकाल सगळ्यांना फार जपायची सवय लागलीये.

खोगीरभरती
@रांगडा_गडी दादा, आईंना आज एकट्यात विचारा, शिंकताना लघवी होते का, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का. आपल्याकडच्या बायका मुलाला हे आपणहून सांगत नाहीत.

मांड_पक्की
मी फिजिओथेरपिस्ट आहे, रविवारी घोड्यावर असते, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं लिहिते. तुमच्या डॉक्टरांनी बघितल्याशिवाय यातलं काही अंतिम धरू नका.

बाहेरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते म्हणून आपण फसतो. खरा भार घेतो तो आतला स्नायूंवरचा जाड पांढरा पडदा, आणि त्याची ताकद सहा आठवड्यांनी मूळच्या साधारण निम्मी असते. वर्ष झालं तरी पहिल्यासारखी शंभर टक्के होत नाही, ऐंशीच्या आसपास येऊन थांबते. म्हणून सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही नको आणि जड काम तीन महिन्यांनी हळूहळू, असं सांगतात. तुमच्या बाबतीत आणखी एक, गर्भाशयाचं तोंडही काढलं असेल तर योनीच्या वरच्या टोकालाही आतून टाके असतात, ते दिसत नाहीत आणि दुखत पण नाहीत. खोगिरावर बसलं की दणके थेट तिथे. त्यामुळे "दुखत नाही म्हणजे झालं" हे माप इथे चालत नाही. डॉक्टरांना "घोडा चालेल का" असं विचारू नका, "आतले टाके भरले का ते तपासून सांगा" असं विचारा, मग ते हसणार नाहीत.

खोगीरभरती यांनी वजनाचं लिहिलंय, मी हिसक्याचं लिहिते. दहा किलो हळू उचलणं आणि म्होरकी, म्हणजे तोंडाची दोरी, धरलेली असताना साडेतीनशे-चारशे किलोच्या जनावराने मान झटकणं यात दुसरं जास्त घातक, कारण पोट आवळायला वेळच मिळत नाही. खूर साफ करायला पाय उचलला की घोडा अंगावर भार टाकतो, तेही आत्ता नको. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, आवळणं नको. लंज, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवणं, तर अजिबात नको, लोक म्हणतात बसत नाही तर लंज तरी करते, दोरीच्या टोकाला उधळलेली घोडी म्हणजे दोन्ही हातांनी बसलेला हिसका. खरारा चालेल, पण म्हाताऱ्याला, तोही छातीच्या उंचीपर्यंत, आणि बांधलेला असताना. धुळीने खोकला येत असेल तर तोंडाला फडकं बांधा. खोकला आलाच तर पोटावर हात किंवा उशी घट्ट दाबून धरा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, लोक बादलीला घाबरतात आणि संडासात जोर करतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघा. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत ते जंतू असतातच. दहा वर्षांत घेतलं नसेल तर डॉक्टरांना विचारून घेऊन टाका, आणि छेदातून कुठे ओल दिसत असेल तर तबेल्यात पाऊलच नको.

बसायचं म्हणाल तर तीन महिने, त्याआधी नाही. आधी घरात बघा, पलंगावरून कुशीवर न वळता उठता येतं का, एका पायावर अर्धा मिनिट उभं राहता येतं का, उकिडवं बसून हात न टेकता उठता येतं का, जोरात खोकलं तर ओढ लागते का. पहिल्या दिवशी म्हातारा घ्या, घोडी नाही. ती तोवर तीन महिने उभी असेल, तिच्यावर आधी पंधरा दिवस दुसरं कुणीतरी बसू दे. चढायला ओटा किंवा दगडी पायरी, जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून चढू नका. उतरताना तर जास्तच जपा, आपल्याला सवय असते पोट खोगिरावर टेकवून घसरायची, त्यात नेमका छेद घासतो. उतरायलाही ओटाच. आधी कदमचाल, मग दुडकीत (संथ धावेत) खोगिरावर उठबस, बसून दुडकी सगळ्यात शेवटी. रक्त गेलं, घाण वास आला, ताप आला किंवा कुठे फुगवटा दिसला तर लगेच दवाखाना.

दस्तुरी_नाका
आमचं माथेरान. वडिलांचं अपेंडिक्स फुटलं होतं, पोट उघडायला लागलं, ते पण ऐन मे महिन्यात. गाड्यांना बंदी असल्यामुळे सीझनला घोडा चालला तरच घर चालतं, तुम्हा लोकांना तीन महिने सांगतात, आम्हाला कोण देणार. सहाव्या आठवड्यात उतरले कामाला. पण एक केलं, घोड्यावर बसले नाहीत आणि पाहुण्याला उचलून बसवलं नाही, ते काम मी करायचो, ते नुसते लगाम धरून दस्तुरीच्या गाडीतळापासून बाजारापर्यंत चालायचे, तेही आमच्या सगळ्यात गरीब घोड्याबरोबर. माकडं खूप आहेत इकडे, झाडावरून पटकन पुढ्यात येतात, एकदा घोडा बिचकला तर बाबांनी सरळ लगाम सोडून दिला. आयुष्यभर ज्याने लगाम सोडला नाही त्याने सोडला. घोडा वीस पावलांवर जाऊन उभा राहिला. ताई, हाताला दोरी गुंडाळायची नाही कधीच, आणि आत्ता तर सोडायची तयारी ठेवूनच धरायची. पोटाला पट्टा बांधायचे ते, त्याने आराम वाटतो म्हणायचे.

मांड_पक्की
@दस्तुरी_नाका बाबांनी लगाम सोडला ते एकदम बरोबर केलं. पट्ट्याने चालताना आधार वाटतो ते खरं, पण पट्टा आहे म्हणून वजन उचललं की तिथेच लोक फसतात. ताई, सारंगखेड्याला तोवर तुम्हाला आठ-नऊ आठवडे झालेले असतील, डॉक्टर हो म्हणाले तर जा, गाडीत दर दीड तासाला उतरून चाला, पण घोडे नाचवतात त्या रिंगणापासून लांब राहा आणि आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोरांनी, बांधलेल्या घोड्यांच्या रांगेतून घुसू नका. गर्दीत पोटाला बसलेला एक कोपर पण पुरतो.

तांबडी_घोडी
सगळ्यांचे मनापासून आभार. खरं सांगायचं तर काल एक अर्धी बादली उचलली होती मी, लिहिलं नव्हतं. आज नळी आणली. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला, त्याने लीद दोन्ही वेळची घेतली अंगावर, आणि पुढच्या गल्लीतला एक कॉलेजचा मुलगा दुपारी यायला तयार झालाय, त्याला घोडीची भीती वाटते पण म्हाताऱ्याचं करेल. इंजेक्शनचं बघितलं तर २०११ ची चिठ्ठी सापडली, सोमवारी तपासणीला जातेय तेव्हा विचारते. आतल्या टाक्यांचं पण, तुम्ही सांगितलं त्याच शब्दात.

एक राहिलंच, घोडीवर पंधरा दिवस दुसरं कुणी बसवायचं म्हणता पण ती माझ्याशिवाय कुणाला पाठीवर टिकू देत नाही. मुळशी-पौड बाजूला हलक्या हाताचं कुणी आहे का माहितीत? वजन साठच्या आत हवं.

खोगीरभरती
आहे एक मुलगी, पिरंगुटला, ५२ किलो, तोंडाने फार बोलते पण हात लोण्यासारखा. मेसेज करते तुम्हाला.