मदत हवी आहे: सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी परवान्यावर मामाचं काम केलं तर चालतं का?

चिंचगोळी:
मी पुण्यात आर्किटेक्चरच्या (बी.आर्क.) चौथ्या वर्षाला आहे. माझा मामा तासगावला बांधकामाची कामं घेतो. त्याच्या एका गिऱ्हाइकाचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे, त्यावर खाली-वर घर बांधायचंय. मामाचा फोन आला, "तुझ्याकडं ऑटोकॅड हायच की. प्लॅन काढ, थ्रीडी दाखव, आठ हजार देतो." गिऱ्हाइकाच्या अटी व्हॉट्सअॅपवर येऊनही पडल्या: देवघर ईशान्येला, जिन्याखाली संडास नको, आणि पोर्चमध्ये बुलेट पावसात भिजता कामा नये.

लॅपटॉपवर तीन सॉफ्टवेअर आहेत. नकाशे काढायचं ऑटोकॅड फुकट मिळालंय, दरवर्षी कॉलेजचा पुरावा देऊन पुढच्या वर्षासाठी वाढवून घेते. थ्रीडीचं स्केचअप पैसे भरून, पण विद्यार्थी सवलतीत. अॅडोबीचा फोटोशॉपसकट सगळा संचही विद्यार्थी दरातच. यातलं काय वापरून मी आठ हजार घेऊ शकते? वर्गातली मुलं म्हणतात, प्रिंटवर कसला शिक्का येत नाही, कुणाला कळतंय? मैत्रीण म्हणते, स्केचअपचे पैसे मोजलेस ना, मग ते तुझंच. मला दोन्ही पटत नाहीये. करार वाचायला घेतला आणि तिसऱ्या पानावर झोप लागली.

जुना ड्राफ्ट्समन:
ऑटोकॅडचं उत्तर सरळ आहे: नाही. शैक्षणिक परवाना शिकण्या-शिकवण्यापुरता. धंद्याचं, व्यावसायिक काम त्यावर करायचं नाही. मामा घरचा असला तरी गिऱ्हाईक घरचं नाही.

शिक्क्याचं म्हणाल तर आम्ही तो भोगलाय. पूर्वी विद्यार्थी आवृत्तीत काढलेलं ड्रॉइंग प्लॉटरवर, म्हणजे मोठ्या प्रिंटरवर, छापलं की कागदाच्या चारही कडांना इंग्रजी ओळ छापून यायची, की हे ऑटोडेस्कच्या (ऑटोकॅड बनवणारी कंपनी) शैक्षणिक उत्पादनात बनवलंय. बरं, ती तेवढ्यावर थांबायची नाही. एकदा मी एका शिकाऊ पोराच्या फाइलमधून जिन्याचं तयार चित्र (ब्लॉक) उचलून ऑफिसच्या ड्रॉइंगमध्ये चिकटवला. संध्याकाळी प्लॉटरमधून ए-वन शीट बाहेर आलं ते चारी बाजूंनी ती ओळ मिरवत. ऑफिसचा परवाना रीतसर विकतचा, तरीही! साहेबांनी ते शीट तसंच माझ्या टेबलावर पसरून ठेवलं, बोलले काहीच नाहीत. रात्री दोनपर्यंत बसून अख्खा प्लॅन नव्या फाइलमध्ये पुन्हा काढला. आज तुमच्या प्रिंटवर काही येत नसेल, पण म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही.

कलम_कसाई:
सगळ्यांची गल्लत इथेच होते. विद्यार्थी सवलत म्हणजे दर कमी, विद्यार्थी परवाना म्हणजे वापरावर बंधन. कधी दोन्ही एकत्र येतात, कधी नाही. अॅडोबी विद्यार्थी दरात देतं, तरी त्यावर कमाईचं काम करायला मुभा आहे, तसं त्यांनी स्वतःच सांगितलंय. तेव्हा फोटोशॉपमध्ये शीट सजवून पैसे घ्या खुशाल. फक्त पहिलं वर्ष सरलं की दर वाढतो, तेवढी तारीख लक्षात ठेवा. स्केचअपचं उलटं: पैसे मोजले तरी विद्यार्थी आवृत्ती धंद्याला चालत नाही. ब्राउझरमधलं फुकट स्केचअपही वैयक्तिक वापरापुरतंच.

कोडवाल्यांकडेही तेच. कोड लिहायची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जेटब्रेन्सचे विद्यार्थ्यांना मिळणारे फुकट परवाने अव्यावसायिक कामापुरते असतात.

बिनधास्त_बंड्या:
एवढा काथ्याकूट कशाला? क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत टाका, मोकळे व्हा. अख्खा महाराष्ट्र तेच करतो.

कलम_कसाई:
बंड्या, कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब वाच. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. फायद्यासाठी किंवा धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. इथे आठ हजार घ्यायचेत, म्हणजे ती फटही बंद.

चिंचगोळी:
क्रॅक नकोच, आमच्या हॉस्टेलवर एकाचा अख्खा थिसिस त्यातल्या व्हायरसने खाल्लाय. मग थ्रीडीला काय वापरू? आणि पैसे न घेता केलं तर?

जुना ड्राफ्ट्समन:
पैसे तुम्ही नाही घेतले तरी मामा गिऱ्हाइकाकडून घेणारच. काम धंद्याचंच राहिलं. इंटर्नशिपलाही हेच: ऑफिसचं काम ऑफिसच्या परवान्यावर, स्टायपेंड मिळो न मिळो.

थ्रीडीला ब्लेंडर हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. जीपीएल नावाचा मुक्त परवाना आहे, त्यात केलेलं काम तुमचं, हवं त्याला विका. मात्र प्लॅन शैक्षणिक ऑटोकॅडमध्ये काढून त्याची डीएक्सएफ फाइल ब्लेंडरमध्ये ओढायची, ही चलाखी नको, पहिली पायरी तीच राहते. टूडीला, म्हणजे सपाट नकाशाला, लिब्रेकॅड किंवा फ्रीकॅड ही फुकटची सॉफ्टवेअर चालतील. हात बसायला आठवडा जाईल, शिव्या द्याल, पण जमेल.

वीटभट्टी:
सगळे सॉफ्टवेअरवरच अडकलात. ताई, नगरपरिषदेत मंजुरीला जाणाऱ्या नकाशावर सही कुणाची? १९७२च्या आर्किटेक्ट्स अॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. तुमची अजून पदवीही नाही. मामा मंजुरीचा नकाशाही तुमच्याकडूनच काढून घेणार असेल तर आधी ते विचारा.

चिंचगोळी:
विचारलं. मामाच्या डोक्यात खरंच तेच होतं! आता मंजुरीचा नकाशा तासगावातले परवानाधारक इंजिनिअर करणार आहेत. मी फक्त थ्रीडी आणि सजवलेलं शीट देईन, ब्लेंडर आणि फोटोशॉपमध्ये. आठाचे साडेतीन झाले. मामा म्हणाला, "ब्लेंडर? मिक्सर घेतलास का काय?"

एक शेवटचं: त्यात फूट-इंचात मापं घालता येतात का? मामाला मीटर दिला की तो फोनच ठेवतो.

जुना ड्राफ्ट्समन:
येतात. सीन प्रॉपर्टीजमध्ये युनिट्स आहे, तिथे इम्पीरियल निवडा. आधी हे करा आणि मगच पहिली भिंत उभी करा.